काकूची मिरची आणि तेलातलं स्टार्टर

“काढा ती गोधडी! आधी गोधडी काढा त्याच्या अंगावरची! जीव चालला त्याचा!”

काकू बांधावरून ओरडत धावत येत होती. डोक्यावर भाकरीची पाटी, हातात विळा, आणि आवाज असा की पलीकडच्या शिवारात वखरणारे बैल आपल्यालाच थांबायला सांगितलं असं समजून जागच्या जागी थांबले. एखादा परका माणूस वाटेनं जात असता तर त्याला वाटलं असतं, खोलीत कोणीतरी तापानं फणफणून पडलंय. तसं ते होतंही. विहिरीवरच्या टिनाच्या खोलीत, भिंतीवर, खिळ्याला टांगलेलं आणि काकाच्या लग्नातल्या गोधडीत गुंडाळलेलं आमचं स्टार्टर अखेरचे श्वास घेत होतं.

“गोधडी काढली तर धूळ जाईल त्याच्यात!” काका आतून गरजला.

“अन् नाही काढली तर शिजून जाईल! हात लावून पाहा, भाकर भाजते त्याच्यावर!”

“काका, ते तापलं की आपोआप बंद पडतं,” मी मधेच म्हणालो. “तसंच बनवलंय ते.”

“बंद पडायले आणलं का बे त्याले?”

ज्यांनी विहिरीवर मोटर पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टार्टर म्हणजे मोटरचा कारभारी. मोटर विहिरीत काम करते, पण तिला उठवायचं, बसवायचं, फार दमली तर घरी पाठवायचं, हे सगळं भिंतीवरची ही लोखंडी पेटी करते. आत तांब्याच्या पट्ट्या असतात. बटन दाबलं की त्या एकमेकींना चिकटतात आणि मोटर चालू होते. सुटल्या की मोटर बंद. त्या पट्ट्यांवर धूळ बसली की नीट चिकटत नाहीत, पेटी नुसती गूं गूं करते. आणि पेटी तापली की चिकटलेल्या पट्ट्या सुटतात. म्हणजे धुळीनं चालू होत नाही आणि उन्हानं चालू राहत नाही. आमच्या गावात उन्हाळ्यात धूळ आणि ऊन सोडून तिसरं काही नव्हतं.

धूळ अडवायला काकानं गोधडी गुंडाळली. पेटी उकडली. काकूनं गोधडी ओढून काढली, वरून झाकणही उघडलं. म्हणाली, “जरा वारा लागू द्या बिचाऱ्याले.” तिचं वाक्य संपायच्या आत शिवारातून एक वावटळ आली. वावटळ म्हणजे साधीसुधी नव्हे. तिनं येताना तीन गावांची माती, एक छत्री आणि एक पाल आणली होती. छत्री बाहेर राहिली. माती आणि पाल पेटीत गेली. भक्क असा आवाज झाला, निळा जाळ निघाला, आणि काकानं डोक्यावरची टोपी काढली. घरात कोणी गेल्यावरही तो एवढ्या लगेच टोपी काढत नसे.

काकू मात्र पेटीकडे पाहत नव्हती. ती खोलीच्या दारातून खालच्या तुकड्याकडे पाहत होती. तिथं तिची मिरची उभी होती, आणि दुपारच्या उन्हात माना टाकत होती.

आता हा तुकडा म्हणजे काय भानगड होती तेही सांगितलं पाहिजे. राज्य नवीन होतं, विजेचे खांब नवीन होते, विहिरीवरची मोटर तर इतकी नवीन होती की गावातले म्हातारे तिला नमस्कार करून मग पाणी प्यायचे. मोटर आल्या दिवसापासून काकाला बागायतदार व्हायचं होतं. बागायतदार म्हणजे ऊस. विहिरीखालच्या तुकड्यात ऊस लावायचा आणि धाड गावच्या बाजारात कोणी विचारलं “काय चाललं?” तर “ऊस” एवढाच शब्द टाकून पुढे चालायचं, हे त्याचं स्वप्न होतं. काकूला त्याच तुकड्यात उन्हाळी मिरची लावायची होती. मळा, बैल, कपाशी, सगळं काकाच्या शब्दात चालायचं. तिच्या शब्दात घरात दोन कोंबड्या होत्या, त्याही काकाचं ऐकायच्या. होळीच्या सुमाराला दोघांचं एवढं जुंपलं की शेवटी काकानं ओसरीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं:

“लाव तुही मिरची. अखाजी झाली की तुहा भाऊ येईन, तो पाहीन. तेव्हा मिरची उभी असली तर तो तुकडा जन्मभर तुह्या शब्दात. वाळली, सडली, का ढोरानं खाल्ली, तर पुढच्या साली ऊस.”

अखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. काकूनं फक्त “हाव” म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी रोपं लावली.

त्यामुळे स्टार्टर मेलं तेव्हा काकाची अवस्था मोठी नाजूक होती. मिरची वाळली तर ऊस त्याचा. पण मिरची वाळली कशानं? तर त्याच्या मोटरनं दगा दिला म्हणून. गावात तोंड कुठं दाखवणार? त्यानं अर्धा दिवस विचार केला. मग मला हाक मारली.

“चाल बे. मलकापूरले जाऊ. नवीन स्टार्टर निवडू. तू सायन्सवाला आहेस.”

मी सायन्सवाला होतो याचा अर्थ मी सायन्समध्ये दोनदा नापास झालो होतो. काकाचं म्हणणं असं, की पास होणारा एकदाच शिकतो, माझा पुतण्या तेच दोनदा शिकला, म्हणून त्याचं जास्त पक्कं आहे.

मलकापूरला रेल्वे असल्यामुळे मुंबईचा माल थेट दुकानात उतरायचा. दुकानदार गादीवर बसलेला, जाडजूड, हातात फडकं. तो बोलताना सतत काहीतरी पुसत असायचा. पेटी, टेबल, गिऱ्हाइकाचा खांदा, जे हाताशी येईल ते. काकानं स्टार्टर मागितल्याबरोबर त्यानं काकाचा खांदा पुसला, फडक्याकडे पाहिलं आणि विचारलं:

“पहले ये बताओ भाऊ, तुमच्याकडं धूळ जास्त का गरमी जास्त?”

प्रश्न अगदी रास्त होता. पण काकाला तो झोंबला. आपल्या गावात कोणतीही गोष्ट कमी आहे हे त्याला सहन होत नसे.

“धूळ?” काका म्हणाला. “आमच्याकडं गाढव धुळीत लोळत नाही, पोहते. लेक माहेरी आली तर आधी झटकून पाहा लागते, आपली हाये का दुसऱ्याची.”

“मग धूळ जास्त लिहू?”

“अन् ऊन? आमच्याकडं बिडी पेटवायले काडी लागत नाही. टोक तेवढं छपराबाहेर काढायचं.”

बाकावर नांदुऱ्याकडचा एक शेतकरी चहा पीत बसला होता. त्याच्यानं राहवेना. म्हणाला, “आमच्याकडं तर कावळे पायी चालतात. उडले तर पंख पोळतात.”

“तुमच्याकडं कावळे आहेत?” काकानं विचारलं. “आमच्याकडचे कवाच शिजले.”

नांदुरेवाल्यानं कपात तोंड घातलं. दुकानदारानं त्याचाही खांदा पुसला आणि दोन पेट्या काढून समोर ठेवल्या.

पहिली बटनाची, आमच्या जुन्यासारखी, कोरडी. तिचं झाकण मात्र घट्ट, कडेला रबर. तो म्हणाला, ही घेतली तर सावलीत लावायची, टिनाला टेकवायची नाही, महिन्यातून एकदा लाईन बंद करून आतून साफ करायची, आणि दया आली तरी झाकण उघडं ठेवायचं नाही. दुसरी पेटी जड, बाजूला लोखंडी दांडी. दांडी वर केली की चालू, खाली केली की बंद. हिच्या आतल्या पट्ट्या तेलात बुडालेल्या. वरून कितीही धूळ येवो, पट्ट्यांपर्यंत पोचत नाही. पण तेल तापतं, काळं पडतं, वेळेवर बदलावं लागतं.

“ज्याच्याच्यानं साफसफाई होते त्यानं कोरडी घ्यावी,” दुकानदार म्हणाला, “अन् ज्याच्याच्यानं तेल सांभाळणं होते त्यानं तेलाची. तुमच्याच्यानं काय होते?”

काकाच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की दुकानदारानं पुसायचं थांबवलं.

“तेल!” काका ओरडला. “अरे, लोणचं आपण कशात ठेवतो? तेलात! वर बोटभर तेल असलं की धूळ बसते का? बुरशी लागते का? वर्षभर फोड जशीच्या तशी! मंग पट्टी काऊन नाही राहणार? हे तं कैरीचं लोणचंच झालं!”

“लोणचं नाही भाऊ. याच्यात करंट असते.”

“लोणच्यात काय कमी असते?”

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी सायन्सच्या चेहऱ्यानं मान हलवली. मग त्यानं तेलाचा सीलबंद डबा काढला आणि काकासमोर आपटून ठेवला.

“हेच तेल टाकायचं. याच डब्यातलं. खायचं तेल नाही.”

“आम्ही का खाऊन राह्यलो का ते?” काका म्हणाला.

परत येताना एस्टीत काकानं स्टार्टर मांडीवर घेतलं, पहिलटकरणीनं बाळ घ्यावं तसं, आणि धूळ लागू नये म्हणून त्यावर टोपी घातली. तेलाचा डबा बाकाखाली. वाटेत काकाला वाटलं, उन्हात डबा फुगेल, त्याला जरा श्वास घेऊ द्यावा. म्हणून त्यानं बूच सैल केलं. या घरातल्या माणसांना श्वासाची फार काळजी.

राजूरचा घाट लागला. पहिल्या वळणावर डबा आडवा झाला. दुसऱ्या वळणावर तेल गाडीभर झालं. तिसऱ्या वळणावर मागच्या बाकावरच्या बाया पुढे आल्या, आणि चौथ्यावर पुढच्या बाकावरचे टोपीवाले मागे गेले. कंडक्टर तिकीट फाडायला मधे उभा होता. तो घाट संपेपर्यंत खाली बसलाच नाही, कारण तो थांबतच नव्हता. ड्रायव्हरपासून मागच्या दारापर्यंत नुसता येत-जात होता आणि येता-जाता तिकिटं देत होता. बुलढाण्याला उतरलेल्या एका म्हातारीनं तर काकाला आशीर्वाद दिला. तिचे गुडघे धरलेले होते, ते त्या तेलानं मोकळे झाले म्हणे.

घरी पोचलो तेव्हा डब्यात वास तेवढा शिल्लक होता.

काकूनं डबा उलटा करून पाहिला. मग काकाकडे पाहिलं. मग मिरचीकडे. आम्ही मलकापूरला गेल्यापासून ती विहिरीतून घागरीनं पाणी ओढून रोपारोपाला घालत होती. हाताला फोड आले होते आणि मिरचीच्या तीन ओळी तरीही झोपल्या होत्या.

“आता पुन्हा मलकापूर?” तिनं विचारलं.

“मलकापूर कायले?” काका म्हणाला. “घरात तेल नाही का? तेल म्हणजे तेल.”

घरात जवसाचं तेल होतं. काकूनं स्वतः तेलाच्या घाण्यावर बसून काढून आणलेलं, लोणच्यासाठी राखून ठेवलेलं, चिनी मातीच्या बरणीत. त्या बरणीला सणावारालाही कोणाचा हात लागत नसे.

“सायन्स काय म्हणते बे?” काकानं मला विचारलं.

मी डोळे मिटले, दोन्ही वर्षांचा अभ्यास आठवला आणि म्हणालो, “चालायला हरकत नसावी.” हे माझं मत कोणाला चुकीचं ठरवायचं असेल तर ठरवो. ते चाललंच. नंतर जी तक्रार झाली ती न चालण्याची नव्हतीच.

काकूनं बरणी पदरानं पुसली. मग तिच्या तोंडाला बांधलेलं फडकं, दादरा, सोडला. “लोणचं नाही झालं तं नाही झालं,” म्हणाली. “माही मिरची जगली पाह्यजे.” आणि तिनं स्वतःच्या हातानं, एक थेंब न सांडता, वर्षाचं तेल स्टार्टरमध्ये ओतलं. काकानं दांडी वर केली. मोटर अशी सुरात सुरू झाली की आम्ही तिघंही एकमेकांकडे पाहून हसलो.

आठ-दहा दिवस ते स्टार्टर आमच्या शिवाराचं दैवत होतं. वावटळी येत, पेटीवर धुळीचा थर बसवून जात, आतल्या पट्ट्यांना पत्ता नसे. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगे, “लोणच्याची युक्ती हाये.” एक अडचण तेवढी होती. दुपारी ऊन चढलं, मोटर दोन-चारदा चालू-बंद झाली की तेल तापायचं, आणि सगळ्या शिवारात भज्यांचा वास सुटायचा. वखर सोडून माणसं यायची. विहिरीपाशी उगाच घुटमळायची, इकडचं-तिकडचं बोलायची, काकूच्या पदराकडे पाहायची. दोघं तर घरून कांदे घेऊन आले. काकू त्यांच्यावर एवढी ओरडली की ते कांदे तिथंच टाकून पळाले. ते कांदे आम्ही खाल्ले.

मिरची मात्र उठली. झोपलेल्या तिन्ही ओळी उठून बसल्या, बाकीच्यांना फुलं लागली. काकू रोज संध्याकाळी ओळीओळीतून चालायची आणि फुलं मोजून परत यायची. काकाही लपूनछपून बघून यायचा. आल्यावर ऊस या विषयावर जरा जास्त मोठ्यानं बोलायचा.

इकडे पेटीत काय चाललंय याची कोणालाच कल्पना नव्हती. जवसाचं तेल गरम होत राहिलं की घट्ट होतं. सुतार लाकडाला लावतो ते उगीच नाही. आमचं तेल आधी काकवीसारखं झालं, मग पाकासारखं, मग डिंकासारखं. दांडी ओढताना जरा जोर लागायला लागला. काका म्हणाला, “अंगात ताकद भरून राह्यली त्याच्या.”

अखाजी झाली आणि काकूचा भाऊ आला. अमडापूरकडचा माणूस, पांढरं धोतर, बोलायला फार जपून. बोललेला शब्द परत मिळत नाही म्हणून तो वापरतच नसावा. त्यानं पाणी घेतलं, चहा घेतला, ओसरीवर बसला. काकू म्हणाली, “दादा, मळ्यात चाल.”

मळ्यात पोचल्यावर भाऊ सरळ मिरचीकडे निघाला. काकानं त्याचा हात धरला.

“थांबा पाहुणे. मिरची कुठं पळून नाही जाऊन राह्यली. आधी हे पाहा.”

आणि त्यानं त्याला टिनाच्या खोलीत नेलं, लोणच्याची युक्ती पहिल्यापासून सांगितली, मलकापूर सांगितलं, घाट सांगितला, आणि दांडी वर केली. मोटर सुरू. पाइपातून मांडीएवढी धार हौदात पडायला लागली.

“आता पाहा कसं बंद होते,” काका म्हणाला आणि दांडी खाली केली.

मोटर चालूच.

काकानं दांडीकडे पाहिलं. दांडी खाली होती. “तेलातलं असते ना,” तो म्हणाला. “जरा दमानं बंद होते.”

आम्ही दम धरला. हौद भरला.

काकानं दांडी पुन्हा वर केली, पुन्हा खाली केली. मग दोन्ही हातांनी केली. मग पाय भिंतीला लावून केली. आत डिंकात बसलेल्या पट्ट्यांनी एकमेकींना मिठी मारली होती, आणि ती सोडायला त्या तयार नव्हत्या.

“बंद हो! बंद हो बे! पाहुण्यापुढं इज्जत घेतं का?”

“मेन स्विच!” मी ओरडलो.

मेन स्विच होता. पण त्याच्या दांडीवर काका रोज सदरा, टोपी, भाकरीचं फडकं आणि कधीमधी कंदील टांगायचा. ती दांडी केव्हाच तुटून गेली होती. फ्यूज काढावा म्हटलं, तर फ्यूज सारखे उडतात म्हणून काकानं त्यांच्या जागी बैलगाडीला चालेल अशी जाड तार पिळून ठेवली होती.

“तार काप,” काका मला म्हणाला.

“तुम्ही कापा, मी सांगतो कुठं.”

“सायन्स तुहं हाये!”

“तार तुमची आहे!”

वायरमन शेजारच्या गावी लग्नाला गेला होता. राहता राहिली वीज जाण्याची आशा. एरवी आमची वीज घरजावयासारखी होती, शब्द लागला की निघून जायची. कोणी शिंकलं तरी जायची. त्या दिवशी मात्र पाट टाकून बसली. काकानं आभाळाकडे हात जोडून वीज जावी म्हणून विनवणी केली. आमच्या गावात अशी विनवणी करणारा तो पहिलाच.

हौद वाहिला, पाण्याचा दांड भरला, आणि पाणी खालच्या तुकड्यात, मिरचीत उतरलं. मिरचीला पाणी लागतं, पण उभं पाणी चालत नाही. पाय बुडाले की एका रात्रीत मान टाकते. हे काकाला माहीत होतं. काकूला माहीत होतं. भाऊ पंच म्हणून बांधावर उभा होता, त्यालाही माहीत होतं.

काका आणि मी स्टार्टरशी भांडत होतो तेवढ्यात काकूनं पदर खोचला आणि फावडं उचललं. मिरचीच्या कडेचा बांध तिनं एका जागी फोडला, दुसऱ्या जागी फोडला. तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही. पाणी वळलं आणि सरळ काकाच्या शेतात शिरलं. तिथं काकानं शेणखताचे ढीग घालून ठेवले होते. ते ढीग एकापाठोपाठ एक हलले, तरंगले आणि वरातीसारखे रांगेनं शेजाऱ्याच्या वावरात गेले. शेजारी बांधावर येऊन उभा राहिला, काकाला हात जोडले आणि म्हणाला, “दादा, असा माणूस पाह्यला नाही. घरपोच खत!”

“माघारी दे!” काका ओरडला.

“पाण्याले सांगा.”

काकू मागं वळूनही पाहत नव्हती. ओळीओळीतून वाकून, हातानं चर काढत, रोपांच्या बुडातलं पाणी ती बाहेर काढत होती. चिखल कोपरापर्यंत. मग भावानं धोतर वर खोचलं आणि दुसऱ्या बाजूनं चर काढायला बसला. पंचानं असं करावं का, असं काका म्हणणार होता, पण त्याचा एक बूट शेणखताबरोबर निघाला होता आणि तो त्याच्यामागं धावत होता.

असं किती वेळ चाललं सांगता येत नाही, पण शेवटी पाइपानं एक उचकी दिली, मग दुसरी, आणि धार बारीक झाली. विहीर संपली. खरंच संपली. तळ दिसायला लागला, आणि गावाला बातमी कशी पोचली कोण जाणे, माणसांची रीघ लागली. कारण त्या विहिरीत गावाच्या तीन पिढ्यांचं काही ना काही पडलेलं होतं. बादल्या, घागरी, तांबे, गळ, एका म्हाताऱ्याची चांदीची डबी. जो तो काठावर झोपून आपलं सामान ओळखत होता. एक बाई एका घागरीकडे बोट दाखवून सासूवर ओरडली, “पाहा! मी नव्हती विकली!” सासूनं तिथंच तिची माफी मागितली. आमच्या काकाच्या स्टार्टरनं एक घर जोडलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आणि मग, पाणी संपल्यावर, घागरी ओळखून झाल्यावर, खत शेजाऱ्याकडे पोचल्यावर, वीज गेली. मोटर थांबली. इतकी शांतता झाली की मिरचीच्या पानावरून थेंब पडलेला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी भाऊ जायच्या आधी सगळे पुन्हा मळ्यात गेलो. विहिरीला रात्रीत पुन्हा पाणी आलं होतं. खालच्या कडेच्या दोन ओळी गेल्या होत्या, कायमच्या. बाकी सगळी मिरची उभी होती. पानं धुतल्यासारखी, आणि पानांआड पांढरी फुलं. भाऊ पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालला. मधे वाकून एक रोप हलवून पाहिलं, बुडाची माती बोटानं दाबून पाहिली. काकू बांधावर उभी. पदराचं टोक तिनं दातात धरलं होतं. काकाही गप्प होता, आणि ही गोष्ट मी आयुष्यात एकदाच पाहिली.

“उभी हाये,” भाऊ म्हणाला.

काकूनं पदर सोडला. डोळे पुसायच्या निमित्तानं तिनं सगळ्या तोंडाला चिखल लावून घेतला.

काकानं घसा खाकरला. गेलेल्या दोन ओळींचा मुद्दा त्यानं काढून पाहिला. भाऊ त्याच्याकडे नुसता पाहत राहिला. मग काकानं शेणखताचा मुद्दा काढला. भाऊ पाहतच राहिला. तेव्हा काकानं छाती पुढं काढली, टोपी नीट केली, आणि चार वावरांत ऐकू जाईल अशा आवाजात, एखादं संस्थान देऊन टाकावं तसं जाहीर केलं:

“ठीक हाये! शब्द म्हणजे शब्द! आजपासून हा तुकडा तुहा. इथं मिरची लाव, वांगे लाव, नाहीतर झोपाळा बांध, मी तोंड उघडणार नाही. पण एक ऐकून ठेव, ते स्टार्टर माहं हाये!”

काकू हौदाच्या कडेला बसून पाय धूत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“घेऊन जा,” ती म्हणाली.